जुनी गाडी तापते: रेडिएटर, फॅन की आधी टायमिंग?

काटा लाल पट्ट्याकडे सरकायला लागला की आपण पहिले रेडिएटरलाच दोष देतो, मीही दिला होता. त्याचा कोअर (आतली नळ्यांची जाळी) नवा टाकला, वॉटर पंप बदलला, होज बदलले, आणि सपाट रस्त्यावर एका स्पीडला अर्धा तास चालवली की काटा परत वरच. शेवटी डिस्ट्रिब्युटरला (प्लगना ठिणगी वाटणारा भाग) लागलेल्या व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्सचा पडदा फाटलेला निघाला, म्हणजे हलक्या लोडवर ठिणगी जितकी आधी पडायला हवी तितकी पडतच नव्हती (ठिणगी पडायची ही वेळ म्हणजेच टायमिंग), पेट्रोल उशिरा जळत होतं, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडायच्या वेळीसुद्धा आग चालूच, आणि ती सगळी उष्णता हेडमधून थेट पाण्यात. तेव्हापासून माझं मत पक्कं आहे, इंजिन जास्त उष्णता तयार करतंय का तयार झालेली उष्णता बाहेर जात नाहीये, हे आधी शोधा, पार्ट नंतर.

ते शोधायचं कसं? गाडी कधी तापते ते बघा. उभी असताना, ट्रॅफिकमध्ये तापते आणि चालायला लागली की उतरते, तर हवेचा प्रश्न, म्हणजे फॅन, बेल्ट, फॅनभोवतीचं कव्हर. उलट, स्पीडला तापते आणि उभी केली की शांत होते, तर पाणी नीट फिरत नाहीये (कोअर तुंबलाय, किंवा खालचा होज आतली स्प्रिंग गंजून गेल्यामुळे पंपाच्या ओढीने चपटा होतोय), नाहीतर टायमिंग किंवा मिक्स्चर (पेट्रोल आणि हवेचं प्रमाण). आणि गार इंजिन चालू केल्या केल्या रेडिएटरच्या तोंडाशी एकसारखे बुडबुडे येत असतील तर बहुतेक हेड गॅसकेट (हेड आणि ब्लॉकमधलं सील) गेलंय, मग खालचं सगळं वाचून काही फायदा नाही, आधी कॉम्प्रेशन तपासा.

अजून एक, काटा खरं बोलतोय का तेही बघा. बऱ्याच जुन्या ब्रिटिश गाड्यांत मीटरला १० व्होल्टचा स्टॅबिलायझर असतो, तो बिघडला की तापमान आणि पेट्रोल दोन्ही काटे एकदमच वर दाखवतात. थर्मोस्टॅटच्या (पाणी गरम झालं की रेडिएटरची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) घरावर इन्फ्रारेड थर्मामीटर धरला की मिनिटात कळतं.

आता रेडिएटर. जुन्या तांब्या-पितळेच्याला नवा कोअर टाकायचा का सरळ अ‍ॅल्युमिनियमचा घ्यायचा? तांबं अ‍ॅल्युमिनियमपेक्षा उष्णता जास्त चांगली वाहतं हे खरंय, पण अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या रुंद करता येतात आणि जुन्या कोअरमध्ये नळी आणि पत्र्याच्या मध्ये जे झाळकाम असतं तिथे उष्णता अडते, त्यामुळे त्याच मापात चांगला अ‍ॅल्युमिनियम रेडिएटर बहुतेक वेळा सरस ठरतो आणि वजनालाही हलका असतो. पण गळला तर तांब्या-पितळेच्याला कुठलाही रेडिएटरवाला डाग देऊन देतो, अ‍ॅल्युमिनियमला जाणकार वेल्डर लागतो. शिवाय अ‍ॅल्युमिनियमला नुसतं नळाचं पाणी अजिबात चालत नाही, आणि गाडीचं अर्थिंग खराब असलं तर वीज कूलंटमधून वाट काढते आणि आतून पिनहोल पडतात. इंजिन स्टॉक (कंपनीने दिलं तसंच) असेल, गाडी मूळ रूपात ठेवायची असेल तर मी डोळे झाकून नवा कोअर सांगेन, कारण कंपनीने त्याच रेडिएटरवर गाडी उन्हाळ्यात चालवून विकली होती. इंजिनची ताकद वाढवलीय किंवा एसी लावलाय, तर अ‍ॅल्युमिनियम. आणि दोन्हीपैकी काहीही घेतलं तरी आधी ब्लॉक फ्लश करा, पन्नास वर्षांचा गाळ मागच्या सिलिंडरभोवती बसलेला असतो, ड्रेन प्लग काढला तरी कधीकधी पाणी येत नाही, तार घालून उकरावं लागतं. हे न करता नवा रेडिएटर लावला तर तोच गाळ त्याच्यात जाऊन बसतो.

रेडिएटरच्या कॅपबद्दल थोडक्यात. दर १ पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) दाबामागे उकळबिंदू साधारण दीड डिग्रीने वाढतो म्हणून लोक ७ पीएसआयच्या जागी १५ची कॅप लावतात, तसं करू नका, जुना हीटर आणि जुने जोड तेवढ्या दाबासाठी बनलेलेच नाहीत. जितक्याची लिहिलीय तितक्याचीच, पण नवी.

फॅनमध्ये लोक सगळ्यात जास्त फसतात. इलेक्ट्रिक फॅन ऐकायला मस्त वाटतो, गाडी उभी असतानाही फुल स्पीडने हवा खेचतो, हायवेला बंद राहतो, इंजिनवरचा भार कमी. पण तो साधारण १५ ते ३० अँपिअर खातो. आता तुमच्या गाडीत अजून डायनॅमो (अल्टरनेटरच्या आधीचा जुना जनरेटर) असेल तर हिशोब करा, लुकास सी४० सारखा डायनॅमो फुल स्पीडला २२ अँपिअर देतो आणि आयडलिंगला जवळपास काहीच नाही, म्हणजे ट्रॅफिकमध्ये, जिथे फॅनची खरी गरज, तिथे तो बॅटरीच पिणार. आधी अल्टरनेटर, मग इलेक्ट्रिक फॅन, याला शॉर्टकट नाही. शिवाय गाडी पॉझिटिव्ह अर्थ आहे का ते बघा (म्हणजे बॅटरीची + बाजू बॉडीला जोडलेली, ब्रिटिश एमजीबी १९६७ पर्यंत तशीच यायची) आणि त्याप्रमाणे वायर जोडा, नाहीतर फॅन उलटा फिरून हवा पुढे ढकलेल. माझ्या मते साध्या वापराला मूळ फॅनच ठेवा, बेल्टचा ताण बरोबर करा, आणि कव्हर काढून टाकलं असेल तर ते परत बसवा, कव्हर नसेल तर फॅन समोरच्या कोअरमधून खेचायच्या ऐवजी तीच गरम हवा गोल गोल फिरवतो.

थर्मोस्टॅट काढून टाकायचा सल्ला हमखास मिळतो. काढू नका. काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो, तो काढला की गरम पाणी रेडिएटरला न जाता तसंच इंजिनात फिरत राहतं, गाडी उलट जास्त तापते. ८२ डिग्रीच्या जागी ७४चा लावला तर गरम व्हायला वेळ लागेल इतकंच, तापायचा आजार जात नाही, कारण दोन्ही उघडल्यावर सारखेच.

ट्यूनिंगमध्ये पॉईंट (डिस्ट्रिब्युटरमधले उघडझाप करून ठिणगी पाडणारे संपर्क) ठेवायचे का इलेक्ट्रॉनिक इग्निशन टाकायचं, हा वाद पिकअपसाठी घातला जातो, पण माझ्यासाठी मुद्दा तापण्याचा आहे. पॉईंटची टाच कॅमवर घासत जाते तसा गॅप कमी होतो, गॅप कमी झाला की टायमिंग मागे सरकतं (ठिणगी उशिरा पडते), आणि मागे सरकलेलं टायमिंग म्हणजे जास्त उष्णता. हे इतकं हळू होतं की गाडी थोडी जड वाटते आणि काटा थोडा वर राहतो, कोणाच्या लक्षातच येत नाही. इलेक्ट्रॉनिकमध्ये घासणारं काही नाही, टायमिंग जागेवर राहतं. पण मॉड्यूल जातं तेव्हा न सांगता जातं, आणि इंजिन बंद ठेवून चावी ऑन राहिली तर काही मॉड्यूल जळतात. पॉईंट रस्त्यात कानशीने घासून घरी येता येतं. दर ४-५ हजार किलोमीटरला गॅप बघायची सवय असेल तर पॉईंट ठेवा, नसेल तर इलेक्ट्रॉनिक टाका आणि जुनी पॉईंट प्लेट डिकीत ठेवा, मी तेच केलंय.

कार्ब्युरेटर मात्र सगळ्यात शेवटी. आधी व्हॉल्व्ह क्लिअरन्स, मग पॉईंट, मग टायमिंग लाईटने टायमिंग, मग मिक्स्चर, हाच क्रम, कारण गॅप हलवला की टायमिंग हलतं आणि टायमिंग हलवलं की आयडलिंग हलतं, उलट क्रमाने गेलात तर दिवसभर स्क्रूच फिरवत बसाल. मूळ कार्ब रिपेअर करायचा का नवा मोठा लावायचा, यात माझं मत मूळ कार्बच, फक्त थ्रॉटल स्पिंडल ढिला नाही ना ते बघा, तिथून हवा खेचली गेली की मिक्स्चर लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) होतं आणि कितीही जेट (पेट्रोल मोजून सोडणारी छिद्रं) बदला, बसत नाही. प्लग पांढरट निघाले तर लीन, काळे काजळलेले तर रिच (पेट्रोल जास्त), बिस्किटासारखे तपकिरी तर बरोबर. आणि १० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला हवेचं प्रमाण (एक भाग पेट्रोलला वजनाने किती भाग हवा) १४.७ नाही, साधारण १४.१ लागतं, म्हणजे जुन्या पेट्रोलवर सेट केलेला कार्ब काहीही न बिघडता लीन झालेला असतो. असं असेल तर रेडिएटरवर एक रुपयाही घालवू नका, जेट एक नंबर वर घ्या, त्याच रस्त्याला त्याच स्पीडने परत चालवा आणि प्लग काढून बघा.