जर्सी छपाईचं दुकान, सांगली: रफार सोडला तर काम चोख

दुकानाचं नाव लिहीत नाही. चूक एकच झाली, ती त्यांनी भरूनही दिली, आणि तेवढ्यासाठी कुणाच्या धंद्यावर माती टाकायची माझी इच्छा नाही. मारुती चौकाच्या पलीकडं बोळात, खाली जर्सी-ट्रॅकपँट आणि वर पोटमाळ्यावर छपाई, असं दुकान आहे. ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

मी मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी आहे. वय ४७. रविवारी सकाळी स्टेडियमवर आमचं जुन्या खोडांचं टोळकं फुटबॉल खेळतं, त्यात मी स्टॉपर, म्हणजे गोलासमोर मध्ये उभा राहणारा बचावपटू. दिवाळीनंतर मिरजेच्या पोरांबरोबर मॅच ठरली आणि सगळ्यांनी एकसारख्या जर्स्या करायचं काढलं. चौदा नग, रंग पांढरा. हळदीच्या यार्डातल्या माणसानं पांढरी जर्सी घ्यायची म्हणजे धन्यच, पण बहुमतापुढं माझं काही चाललं नाही.

भाव असा: जर्सी २६० रुपये, पुढं टीमचं नाव त्यातच. पाठीवरचा नंबर ५० रुपये. नाव अक्षराला १० रुपये. आमच्या यादीत तीन रोनाल्डो, दोन मेस्सी, एक नेमार, बाकीच्यांनी स्वतःची आडनावं दिलेली. मी लिहिलं, 'व्हर्जिल, ४'.

मालक चाळिशीचा, चष्मा कपाळावर. यादी वाचता वाचता थांबला.

"हे कोण ओ मामा? औषधाचं नाव वाटालंय."

"हॉलंडचा स्टॉपर आहे. व्हॅन डाइक."

"मग व्हॅन डाइक टाकूया की. पाठीवर आडनाव असतंय. बाकी सगळ्यांनी आडनावंच दिल्यात बघा."

रोनाल्डो हे आडनाव नव्हे, पण तो वाद तिथं काढला नाही. म्हटलं, त्या गड्याच्या स्वतःच्या जर्सीवरसुद्धा व्हर्जिल एवढंच असतं, इंग्लंडातल्या लिव्हरपूल क्लबकडूनही आणि देशाकडूनही. मग अक्षरं मोजायची वेळ आली. इंग्रजीत सहा, म्हणजे ६० रुपये. मला नाव मराठीत पाहिजे होतं. मी म्हणालो, मराठीत तीनच अक्षरं: व्ह, र्जि, ल. मालक म्हणाला, जोडाक्षर कापायला पाते जास्त फिरतंय, पाच धरतो. चारावर मिटलं. यार्डात जन्म गेलाय माझा, घासाघीस केल्याशिवाय वस्तू आपली वाटत नाही.

वरच्या माळ्यावर मला जाऊ दिलं, हे या दुकानाचं मला सगळ्यात आवडलेलं. बाकी ठिकाणी "संध्याकाळी या" म्हणून वाटेला लावतात. इथं कॉलेजात जाणारा एक पोरगा सकाळी कामाला असतो, त्यानं सगळं दाखवलं. छपाई दोन तऱ्हेची. पुढचं टीमचं नाव सब्लिमेशननं: कागदावर छापलेली शाई दोनशेच्या आसपास अंशांच्या तापावर धाग्याच्या आत शिरते, हात फिरवला तर लागतसुद्धा नाही, आणि ती कधी सोलून निघत नाही. पण ती पॉलिस्टरवरच चढते आणि कापड पांढरं किंवा फिकं पाहिजे, गडद रंगावर दिसत नाही. सुटं नाव-नंबर मात्र विनाईलचं, म्हणजे तापवून चिकटवायच्या पातळ प्लास्टिकचं. प्लॉटर मशीन पात्यानं अक्षर कापतं, तेही उलटं, आरशात दिसावं तसं. नको असलेलं चिमट्यानं ओढून काढायचं, जर्सीवर ठेवायचं, दीडशे-एकशेसाठ अंशांवर दहा-पंधरा सेकंद दाबायचं.

प्रेस मशीन तापायला वेळ लागतो. तेवढ्यात पोरानं विचारलं, आडनाव का नको त्याला?

मी म्हटलं, लहानपणीच वडील घरातनं गेले. आई मूळची दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनाम देशाची, तिनंच वाढवला. वडिलांशी बोलणं नाही, म्हणून पाठीवर त्यांचं नाव नाही, असं त्याच्या मामानं एका पेपरला सांगितलेलं. तो स्वतः यावर फार बोलत नाही, मग आपण तरी किती बोलायचं. पोरगा थोडा वेळ गप्प राहिला. आपल्याकडं शाळेच्या दाखल्यापासून सातबाऱ्यापर्यंत मध्ये बापाचं नाव आणि शेवटी आडनाव असल्याशिवाय माणूस पुरा होत नाही. आता सरकारनं १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या नावात आईचं नाव घालायचा नियम केलाय. पण आडनाव सोडून नुसतं नाव पाठीवर घेऊन ऐंशी हजार लोकांसमोर उभं राहायचं, हे त्याला जरा चाखत बसावं असं वाटलं असणार.

मग मशीन तापेपर्यंत बाकीचंही सांगितलं. ब्रेडा गावातल्या एका हॉटेलात भांडी घासायचा. विलेम टू क्लबच्या अकादमीत होता, पण तिथल्यांना त्याच्यात मोठं काही दिसलं नाही. १९ व्या वर्षी, २०१० मध्ये, ग्रोनिंगेन क्लबला गेला. २०१२ मध्ये पोटात दुखायला लागलं, अपेंडिक्स फुटलेलं, विष पोटभर पसरलेलं. दवाखान्यात खाटेवर पडल्या पडल्या त्याच्याकडनं कागदावर सही घेतली, मेला तर पैसे आईला जावेत म्हणून. विशी नुकती ओलांडलेलं पोर. त्यातनं उठला. २०१३ ला सेल्टिकला गेला, स्कॉटलंडची लीग लागोपाठ दोनदा जिंकली. २०१५ ला साउदॅम्प्टन, आणि २०१८ च्या जानेवारीत लिव्हरपूलनं साडेसात कोटी पौंड मोजले. बचावपटूसाठी तोवर जगात कुणी एवढे मोजले नव्हते. पहिल्याच मॅचमध्ये, घरच्या मैदानावर, गावातल्याच एव्हर्टनविरुद्ध, ८४ व्या मिनिटाला डोक्यानं गोल मारून मॅच काढली.

"म्हंजे गोल मारतोय की," पोरगा म्हणाला. त्याच्या हिशेबानं इथं कुठं माणूस जर्सीवर घ्यायच्या लायकीचा झाला.

मी मोबाईल काढला आणि त्याला न झालेला गोल दाखवला. ३१ मार्च २०१९, लिव्हरपूल-टॉटनहॅम, एक-एक बरोबरी, पाचेक मिनिटं राहिलेली. टॉटनहॅमचे दोघं सुटलेत, सिसोकोच्या पायात बॉल, बाजूनं सन नावाचा त्यांचा फॉरवर्ड धावतोय, आणि मध्ये एकटा व्हर्जिल. आपल्याकडचा कुठलाही स्टॉपर काय करेल? अंगावर जाईल. मी तर शंभर टक्के गेलो असतो. हा गेला नाही. मागं मागं सरकत राहिला, अंग तिरकं, सनकडं जायची वाट अडवून धरलेली. सन गोल चुकवणारा नव्हे, हे त्याला माहीत. सिसोकोला तो जणू म्हणत होता, मार तूच, आणि तोही डाव्या, कच्च्या पायानं मार. शेवटच्या क्षणी पुढं झाला. सिसोकोनं डाव्या पायानं मारला तो आभाळात. पुढं नव्वदाव्या मिनिटाला लिव्हरपूलनं मॅच जिंकली.

पोरानं दोनदा बघितलं. "पण मामा, ह्यानं तर बॉलला पायसुद्धा लावला न्हाई."

त्याच वर्षी १ जूनला माद्रिदमध्ये युरोपातल्या क्लबांची चॅम्पियन्स लीग जिंकली, आणि ऑगस्टच्या शेवटी युरोपचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्याचं नाव आलं. हे बक्षीस मिळालेला तो पहिला बचावपटू. बॅलन डी ओर, म्हणजे जगातल्या सर्वोत्तम खेळाडूचं बक्षीस, मेस्सीला गेलं ते फक्त सात गुणांनी. ऑगस्ट २०१९ म्हटल्यावर मालक खालनं ओरडला, "त्या महिन्यात आमचं जुनं मशीन पाण्यात होतं ओ!" खरंच. कृष्णेच्या महापुरात आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांच्या वर पाणी होतं तेव्हा. माळ्यावरचं सगळं वाचलं, खालचं प्रेस मशीन आणि कपड्यांचे गठ्ठे गेले. आताचं मशीन त्यानंतरचं, आणि म्हणूनच ते वर बसवलंय.

शनिवारी रात्री जर्स्या मिळाल्या, घडी घालून, प्लास्टिकच्या पिशवीत. उघडून बघितल्या नाहीत, ही माझी चूक. रविवारी मैदानावर अंगात घातली आणि मागनं आमचा गोली हसायला लागला. पाठीवर छापलेलं: 'व्हजिर्ल'. रफार जि वरनं उठून ल च्या डोक्यावर जाऊन बसलेला.

मिरजेचा फॉरवर्ड पहिल्याच कॉर्नरला म्हणाला, "काय व्हजिर्ल, जेवणाआधी घ्यायचं का नंतर?"

त्यात आणखी एक. नंबरही मी मराठीत घेतलेला. लांबनं मराठी चार इंग्रजी आठासारखा दिसतो, हे छपाईआधी दुकानदारानं सांगायला पाहिजे होतं. मी एकाला पाडलं, पंचांनी पिवळं कार्ड काढलं आणि वहीत आठ नंबर लिहिला. आमचा खरा आठ नंबर हातात लिंबू घेऊन बाहेर बसला होता, त्याला कळेचना आपण काय केलं. आणि दुसऱ्या हाफमध्ये दोघं सुटून आले तेव्हा मी व्हर्जिलसारखा मागं मागं सरकत गेलो, दुसऱ्याची वाट अडवली, बॉलवाल्याला डाव्या पायावर घातलं. तो निघाला डावखुरा. दोन-एकनं हरलो. त्याचा दोष दुकानावर टाकत नाही.

मंगळवारी जर्सी घेऊन गेलो. इथं दुकानाची खरी परीक्षा होती. मालकानं एक शब्द उलटा बोलला नाही. कॉम्प्युटर उघडून दाखवलं. मी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेलं नाव बरोबर, पण त्यांच्या जुन्या मराठी फाँटमध्ये बदलून घेताना रफार सरकला. ऱ्हस्व वेलांटी आणि रफार एका अक्षरावर आले की तो घोळ होतोच म्हणे. लग्नपत्रिका छापणारे हे डोळ्यांत तेल घालून बघतात, जर्सीवाल्यांना सवय नाही. आणि प्लॉटर उलटं कापत असल्यानं टेबलावर पडलेलं अक्षर कुणी वाचलं नाही. विनाईल एकदा दाबलं की काढताना कापड खराब होतं, म्हणून त्यांनी नवी जर्सी घेतली, समोर बसून रफार हातानं जागेवर ओढला, पाऊण तासात करून दिली. नंबर या वेळी इंग्रजी. पैसे घेतले नाहीत, चुकलेली जर्सीही परत मागितली नाही.

आता माल कसा आहे ते. कापड जाळीचं, हलकं, घाम वाळतो, पण पहिल्या दोन धुण्यांपर्यंत रॉकेलसारखा वास मारतं. माप लहान आहे. नेहमी एल घालत असाल तर पोटाकडं बघून एक्सएल घ्या. शिवण बरी, काखेत एक टाका उसवला. सब्लिमेशनची छपाई सहा महिन्यांत तशीच. विनाईल उलटं करून, गार पाण्यात, हातानं धुतलं तर टिकतं, इस्त्री मात्र थेट फिरवायची नाही. आमच्या एका रोनाल्डोच्या घरी फिरवली, तर त्याचा 'रो' इस्त्रीला चिकटून आला.

हळदीचं म्हणाल तर तोही प्रयोग झाला. मॅचनंतर तसाच अडतीवर गेलो आणि छातीवर पिवळा पंजा उठला. बायकोनं साबण लावला तर डाग लालभडक झाला, ती घाबरली. हळदीला साबण लागला की ती लालच होते, यार्डातल्या बायकांना विचारा. भरपूर धुऊन दोन दिवस कडक उन्हात टाकली, ऊन डाग खातं. पांढरी झाली, अगदी कागदासारखी नाही, पण मॅचला चालेल अशी.

मालकाला एकच सांगणं आहे, त्याला बोललोही. दाबायच्या आधी गिऱ्हाइकाला मोबाईलवर फोटो पाठवा. दहा सेकंदांचं काम आहे. तो "होय की" म्हणाला. परवा पुतण्याची जर्सी करायला गेलो तेव्हा मात्र फोटो आला नाही, नशिबानं नावात रफार नव्हता.

काहींनी विचारलं, या वयात ही हौस कशाला. व्हर्जिलचं २०२० च्या ऑक्टोबरात एव्हर्टनच्या मैदानावर गुडघ्याचं लिगामेंट गेलं, जवळजवळ अख्खा हंगाम बसून, युरो स्पर्धाही सोडली. पुढच्या ऑगस्टात परत उभा. २०२३ ला लिव्हरपूलचा कप्तान, २०२४ च्या लीग कप फायनलमध्ये चेल्सीविरुद्ध ११८ व्या मिनिटाला हेडर मारून कप काढला, आणि तेहतिशीत, २०२५ ला कप्तान म्हणून इंग्लंडची लीग जिंकली. त्याच्याएवढी माझी उंची नाही आणि वयाचं तर विचारू नका, पण रविवारी दीड तास उभं राहायला काय हरकत आहे.

चुकलेली जर्सी मी अडतीवरच्या एका हमालाला दिली. फेब्रुवारीत सौदे सुरू झाल्यापासून तो ती रोज घालतो. पोतं पाठीवर घेतो ते बरोबर नावावरच टेकतं. कापड आता पूर्ण पिवळं झालंय, खांद्याला विरलंय. पण 'व्हजिर्ल' मधलं एक अक्षर उचकटलेलं नाही, रफारसुद्धा जिथं चुकून बसला तिथंच घट्ट आहे.

दुकान सोमवारी बंद असतं. जाताना नाव मोबाईलवर पाठवू नका, कागदावर मोठ्या अक्षरात लिहून न्या.