दोन आय-210 कार्डं, दोन जीपीएस अँटेना: आठ महिन्यांनंतर

आमचं छोटं ब्रॉडबँडचं नेटवर्क. गावाकडच्या टोकाला रोज रात्री कॉलमध्ये आवाज एकाच बाजूने तुटायचा. मधली लाइन भाड्याची. पिंग वाढलेला दिसे, पण पिंग म्हणजे जाण्यायेण्याची बेरीज; उशीर जाताना झाला की येताना, ते त्यातून कळत नाही. लाइनच्या दोन्ही टोकांच्या राउटरची घड्याळं एनटीपीवर (नेटवर्कवरून वेळ जुळवायची नेहमीची पद्धत) जुळवून एकतर्फी उशीर मोजला, तर एका दिशेचा आकडा आला उणे 2 मिलिसेकंद. म्हणजे पॅकेट निघण्याआधीच पोचलं! लाइनवाल्यांनी तेवढंच धरलं: "आधी तुमची घड्याळं बघा."

म्हणून दोन्ही लिनक्स राउटरमध्ये इंटेलचं आय-210 नेटवर्क कार्ड आणि वेळ थेट उपग्रहांकडून घ्यायला दोन्ही गच्च्यांवर जीपीएस अँटेना बसवली. पीटीपीने (एनटीपीसारखीच, पण जास्त अचूक पद्धत) त्याच लाइनवरून वेळ पाठवायचा मोह झाला होता, पण पीटीपी जायची आणि यायची वाट सारखीच धरून चालतो. फरक असेल तर त्याचा निम्मा भाग थेट चूक होऊन बसतो. ज्या लाइनवर संशय, तिच्यावरूनच वेळ आणायची म्हणजे चोराच्या हाती किल्ल्या.

या कार्डाचा खरा गुण एकच: वेळेचा शिक्का, म्हणजे पॅकेट आल्या-गेल्या क्षणाची नोंद, कार्डातच बसतो. कर्नलने (लिनक्सच्या गाभ्याने) शिक्का मारला तर पॅकेट येणं आणि प्रोसेसरला सवड मिळणं यातला वेळही त्यात मिसळतो. टेबलावर दोन मशीन थेट केबलने जोडून पाहिली. सॉफ्टवेअर शिक्क्याने ऑफसेट (दोन घड्याळांतला फरक) दहा-वीस मायक्रोसेकंद नाचत होता, कार्डाच्या शिक्क्याने 40 नॅनोसेकंदांच्या आत स्थिरावला. दुसरं कार्ड घेणार असाल तर आधी 'इथटूल -टी' (टी मोठ्या लिपीतला, T) चालवून कार्ड शिक्का मारतं का ते बघा, खोक्यावरच्या मजकुरावर जाऊ नका.

आता त्रास. पहिले चार दिवस घड्याळ मध्येच 100 मिलिसेकंद उडी मारायचं. जीपीएस बदललं, केबल बदलली. शेवटी मॅन्युअल नीट वाचलं: हे कार्ड जीपीएसकडून दर सेकंदाला येणारी पल्स चढतानाही वेळ नोंदवतं आणि उतरतानाही. कार्डाचं घड्याळ या पल्सला जुळवणाऱ्या 'टीएस2पीएचसी' प्रोग्रामला पल्सची रुंदी सांगितली की तो नको असलेली नोंद टाकून देतो. पण तो मुळात अर्धा सेकंद धरतो आणि माझ्या यू-ब्लॉक्स जीपीएसची पल्स 100 मिलिसेकंदांची. एक आकडा बदलला, उड्या थांबल्या.

दुसरी चूक सर्वस्वी माझी. कार्डाचं घड्याळ टीएआय (लीप सेकंद न धरणारी अणुघड्याळांची वेळ) वर चालतं आणि ती 2017 पासून यूटीसीच्या (नेहमीच्या जागतिक वेळेच्या) 37 सेकंद पुढे आहे. कार्डाची वेळ राउटरच्या घड्याळाला देणाऱ्या 'पीएचसी2सिस'ला मी हाताने शून्य ऑफसेट दिला, आणि राउटरच्या नोंदी लॉग सर्व्हरवर 37 सेकंद भविष्यातून येऊ लागल्या. ऑफिसात अजून त्यावरून चिडवतात.

जुलैत अँटेनाच्या कनेक्टरमध्ये पाणी शिरलं आणि उपग्रह गेले. अशा वेळी घड्याळ कार्डाच्या साध्या क्रिस्टलवर चालतं. दशलक्षात एकाची चूक धरली तरी तासाला 3.6 मिलिसेकंद. सकाळी येईपर्यंत रात्रभराची सगळी मोजणी वाया. आता कनेक्टरवर रबरी टेपचे तीन वेढे आहेत आणि जीपीएस गेलं की फोन वाजतो.

आणखी एक मर्यादा: येणाऱ्या सगळ्या पॅकेटवर शिक्का मिळतो, पण जाणाऱ्यांसाठी कार्डात शिक्का ठेवायला जागा एकच. त्यामुळे चाचणीची पॅकेटं सावकाश, एकेक करून सोडावी लागतात. आधी ते न कळल्याने पीटीपी चालवणारा 'पीटीपी4एल' प्रोग्राम शिक्क्याची वाट बघून फॉल्टमध्ये जायचा. वाट बघायची मुदत वाढवल्यावर ते बंद झालं.

ऑफिसातल्या दुसऱ्या राउटरला मात्र पीटीपीनेच वेळ देतो, मध्ये साधा स्विच आहे. दुपारी ठीक चालतं. रात्री समोर 1500 बाइटचं एक पॅकेट आडवं आलं तरी एक गिगाबिटवर 12 मायक्रोसेकंद जातात, आणि रांगेत एकच पॅकेट नसतं. आम्हाला तेवढं चालतं. नाही चालणार त्यांनी पीटीपी कळणारा स्विच घ्यावा, आणि तो किती महाग असतो तेही बघून घ्यावं.

तक्रारीचं म्हणाल तर रात्री नऊनंतर गावाकडे जाताना 70 मिलिसेकंद, येताना 2. हा फरक दिसायला नॅनोसेकंद मुळीच लागत नव्हते, हे कबूल. पण या वेळी आठवडाभराच्या आकड्यांत एकही उणे आकडा नव्हता. लाइनवाल्यांनी उत्तर दिलं नाही. तिसऱ्या दिवशी जातानाची पॅकेटांची रांग मात्र गेलेली होती.