धूमधडाका की बनवाबनवी?

रविवारी टीव्हीवर हे दोन्ही सिनेमे एकाच वेळी लागले, तर रिमोट कुठे थांबेल? माझा ‘अशी ही बनवाबनवी’वर (1988). सुधीर जोशींचा घरमालक आणि अशोक सराफांचा थापाड्या भाडेकरू समोरासमोर आले, की हातातला चहा गार होतो. साडीतले सचिन-लक्ष्या त्यानंतरचे. थापांवर थापा रचल्या जातात, तरी गोष्ट सैल पडत नाही.

महेश कोठारेंचा ‘धूमधडाका’ (1985) सुटासुटा बघायला मस्त. लक्ष्या शरद तळवलकरांना सिनेमाची गोष्ट ऐकवतो, तेव्हा तळवलकरांचा चेहराच बघत राहावा! अशोकमामांचा सोंगातला म्हातारा तर कहर. मारामारी मात्र (माझ्यापुरती) चहा टाकायची वेळ.