७० पानं, तीन महिने

गणितज्ञ जॉन मिल्नर यांचं ‘टोपॉलॉजी फ्रॉम द डिफरेन्शिएबल व्ह्यूपॉइंट’ हातात घेतलं तेव्हा हसूच आलं. (टोपॉलॉजी म्हणजे ताणलं-वाकवलं तरी न बदलणाऱ्या आकारगुणांचं गणित.) जेमतेम ७० पानं. म्हटलं, दोन रविवारांत संपवतो. तीन महिने लागले, आणि शेवटचा विभाग अजून राहिलाच आहे.

डिसेंबर १९६३ मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठात दिलेली ही व्याख्यानं, १९६५ साली छापलेली. बोलण्याचा बाज टिकून आहे. चार्ट-ॲटलासच्या (आकाराचे तुकड्या-तुकड्यांनी काढलेले नकाशे) व्याख्यांत दमवणं नाही. मॅनिफोल्ड (जवळून पाहिलं तर सपाट भासणारा आकार, जसा गोलाचा पृष्ठभाग) म्हणजे युक्लिडीय अवकाशातच बसलेला, एवढं धरून गाडी सुटते. पहिल्या दहा पानांत बीजगणिताचं मूलभूत प्रमेय (अचल नसलेल्या प्रत्येक बहुपदीला संमिश्र संख्यांत मूळ असतंच) सिद्ध होतं. बहुपदीला गोलावरून गोलावर नेणारा मॅप (फलन) मानायचा, अनंत म्हणजे उत्तर ध्रुव. क्रिटिकल व्हॅल्यू (जिथे डेरिव्हेटिव्ह शून्य होतो त्या बिंदूंच्या प्रतिमा) मोजक्याच, आणि गोलातून मोजके बिंदू काढले तरी उरलेला भाग अखंडच राहतो. त्या भागावर प्रत्येक बिंदूच्या प्रीइमेजची (मॅपने त्या बिंदूवर जाऊन पडणाऱ्या बिंदूंची) संख्या एकच, आणि ती शून्य असू शकत नाही. म्हणजे शून्यालाही प्रीइमेज आहे, मूळ सापडलं! (शून्य स्वतःच क्रिटिकल व्हॅल्यू असेल तर प्रश्नच मिटला, क्रिटिकल व्हॅल्यू ही प्रतिमाच असते.) हे वाचून मी पुस्तक मिटलं आणि खोलीत दोन फेऱ्या मारल्या.

पण ‘संख्या एकच’ हे ज्यावर उभं आहे, तिथेच मी अडकलो. प्रत्येक प्रीइमेजभोवती एक शेजार (छोटा ओपन भाग) घ्यायचा, त्यांच्या प्रतिमांचा छेद काढायचा. इथवर ठीक. मग मिल्नर त्यातून आणखी एक संच वजा करतात: या शेजारांबाहेर उरलेल्या भागाची प्रतिमा. ही वजाबाकी कशाला? दोन संध्याकाळी डोकं खाजवलं. शेवटी उघडी रेषा घेऊन पाहिली तेव्हा कळलं: मॅनिफोल्ड कॉम्पॅक्ट (बंद आणि मर्यादित) नसेल तर लांबून एखादी आगंतुक प्रीइमेज घुसू शकते. कॉम्पॅक्ट असल्यामुळेच ती प्रतिमा बंद संच ठरते आणि वजाबाकीनंतरही ओपन शेजार उरतो. पुस्तकात याला जेमतेम एक ओळ. माझ्या प्रतीत त्या ओळीभोवतीचा समास पेन्सिलीने काळा झालाय.

तक्रार आहेच. उदाहरणं सगळी शेवटी एकगठ्ठा, उत्तरं नाहीत. एकट्याने शिकणाऱ्याला ते जाचतं. मल्टिव्हेरिएबल कॅल्क्युलस आणि थोडी पॉइंट-सेट टोपॉलॉजी पक्की नसेल तर सार्डच्या प्रमेयाच्या (क्रिटिकल व्हॅल्यूंचा संच नगण्य मापाचा असतो) सिद्धतेत पाय घसरेल; मी ती पहिल्या वाचनात सरळ टाळली. माझी प्रत तर दुसऱ्याच महिन्यात पाठीतून सुटली, पण तो दोष बांधणाऱ्याचा.

हे झालं की मिल्नर यांचंच ‘मोर्स थिअरी’ (१९६३) घ्या. सुरुवातीलाच उभी धरलेली टायरची ट्यूब: खालून पाणी चढवत न्या, पातळी चार जागी अडखळते. सर्वांत खाली, भोकाच्या खालच्या कडेला, वरच्या कडेला आणि माथ्यावर. या चार जागांवरून पृष्ठभागाचा सांगाडा उभा राहतो. मात्र आधी हेच घेतलं तर नंतर रिमानियन भूमिती (वक्र अवकाशांत अंतरं मोजणारी) अंगावर येते.

आता पहिल्या पुस्तकाचा तो राहिलेला विभाग, फ्रेम्ड कोबॉर्डिझम (दोन मॅनिफोल्ड मिळून एका मोठ्या मॅनिफोल्डची कड होतात का, हे चौकटींसह पाहणं). दोनदा अर्ध्यावर सोडलाय. परवा तिसऱ्यांदा उघडला, पहिली आकृती काढली, पुसली, पुन्हा काढली.