वाफेवरचे मागा, फ्राय राहू द्या: तालुक्याच्या चायनीजमधले डिमसम

गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगावच्या पट्ट्यात, रस्त्याला लागून, पत्र्याच्या शेडमधलं हे चायनीज. बोर्डावर लाल अक्षरांत 'चायनीज, मोमोज, डिमसम' एवढंच लिहिलंय, मालकाचं नावही नाही. आत सहा टेबलं, बाहेर गॅसची भट्टी. मंचुरियन, शेजवान राइस, ट्रिपल हे सगळीकडे असतं तसंच आहे, म्हणजे जास्त सोया, जास्त व्हिनेगर आणि वरून पांढरी पावडर. त्यासाठी गाडी थांबवायची गरज नाही. डिमसमसाठी मात्र थांबा.

व्हेज स्टीम 8 नग 60 रुपये, चिकन 8 नग 80, पनीर 80. फ्रायला 10 रुपये जास्त. झिंगा डिमसम 4 नग 100, तेही फक्त बाजाराच्या दिवशी. चौघांनी दोन व्हेज, एक चिकन आणि एक झिंगा घेतला तर 300 रुपयांत भागतं. जेवण म्हणून पोट भरायचं असेल तर वर एखादा राइस लागेल.

या भागात मोमो नवा नाही. गोठणगावजवळची नॉर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत 1970च्या दशकापासून इथंच आहे, त्यामुळे चांगली पारी कशी लागते हे इथल्या गिऱ्हाइकाला कळतं. इथले व्हेज आणि चिकन 'डिमसम' म्हणजे खरं तर मोमोच: मैद्याची, जराशी जाड, बिनखमिराची पारी. दक्षिण चीनमधल्या ग्वांगडोंग प्रांताकडे डिमसम सकाळी ते दुपारपर्यंत चहासोबत खातात, बांबूच्या टोपलीत तीन-चार नग येतात आणि पारी बरीच पातळ असते. त्या जातीचा एकच पदार्थ इथं मिळतो, झिंग्याचा. त्याकडे येऊच.

आधी मैद्याचे. भिजवण घट्ट आहे: पाव किलो मैद्याला साधारण 115 मिली पाणी, चिमूटभर मीठ, आणि अर्धा तास ओल्या फडक्याखाली. पारी आठ-नऊ सेंटीमीटरची, मधे जाड आणि कडेला पातळ लाटलेली. हे कडेला पातळ लाटणं बहुतेक ठिकाणी चुकतं. सगळी पारी सारखीच जाड राहिली की चुण्या एकत्र येऊन माथ्यावर पिठाची गाठ बसते. आतलं सारण शिजतं, गाठ कच्ची राहते आणि दाताला चिकटते. नग मधून तोडून पाहा. गाठीत पांढरा, कोरडा ठिपका दिसला तर प्लेट परत द्यायला हरकत नाही. इथं तो सहसा दिसत नाही.

व्हेजच्या सारणात पत्ताकोबी, गाजर, कांदा, आलं-लसूण आणि बराच सांबार, म्हणजे कोथिंबीर. कोबी बारीक चिरून, मीठ लावून पंधरा मिनिटं ठेवतात आणि मग मुठीत घट्ट पिळतात. एवढं केलं नाही तर वाफेवर कोबीचं पाणी सुटतं, बूड भिजतं आणि नग उचलताना अर्धा चाळणीतच राहतो. पनीरचे याच कारणाने मागू नका: पनीर पिळलेलं नसतं आणि मसाला आतपर्यंत जात नाही. चिकनचा खिमा घरीच करतात, मांडीचं मांस वापरतात, म्हणून कोरडा पडत नाही. कांदा थोडा कमी हवा होता, गोडसर लागतो.

वाफवायला ॲल्युमिनियमचं तीन मजली भांडं आहे. इथं गिऱ्हाइकाने एक गोष्ट सांगायची: 'भाऊ, व्हेज वरच्या चाळणीत ठेवा.' चिकन वर आणि व्हेज खाली असलं की वरचा रस थेट खालच्यावर गळतो. शाकाहारी मंडळींना मेनूकार्डवर हे कुठंच वाचायला मिळणार नाही. सांगितलं तर पोरं ऐकतात, कुरकुर करत नाहीत. श्रावणात नुसतं व्हेजच लावतात, तेव्हा प्रश्नच नाही.

ॲल्युमिनियमच्या झाकणावर वाफेचं पाणी जमून थेंब थेंब खाली पडतं आणि पारीवर पांढरे, चिकट डाग उठतात. बांबूचं झाकण ते पाणी पिऊन घेतं, धातूचं घेत नाही. उपाय सोपा आहे, झाकणाला सुती फडकं बांधायचं. इथं कधी बांधलेलं असतं, कधी नसतं. बसण्याआधी भट्टीकडे एक नजर टाका. खालचं पाणी खळखळून उकळत असतानाच चाळणी चढली पाहिजे. व्हेजला आठ ते दहा मिनिटं, चिकनला बारा. बाजाराच्या दिवशी गर्दीत नग खेटून लावतात, मग ते एकमेकांना चिकटतात आणि सोडवताना फाटतात. सातनंतर तयार नग मंद वाफेवर नुसते ठेवलेले असतात. पारी फुगून रबरासारखी होते. चारला भट्टी पेटते, साडेसहाच्या आत पोचा.

आता झिंगा. इथं एरवी कुणी न केलेली करामत आहे. चिनी झिंगा डिमसमची अर्धपारदर्शक पारी मैद्याची नसते, गव्हाच्या स्टार्चची असते. तालुक्याला तो पुड्यात मिळत नाही. पण उन्हाळ्यात घरोघरी कुरडयांसाठी गहू भिजवून जो चीक काढतात, तो म्हणजे गव्हाचा स्टार्चच. काउंटरवरच्या ताई तो चीक वाळवून, चाळून बरणीत भरून ठेवतात. जोडीला साबुदाण्याचं बारीक पीठ, कारण साबुदाणा म्हणजे टॅपिओकाच, आणि मूळ कृतीतही टॅपिओका स्टार्च लागतोच. अंदाज असा: चीक 100 ग्रॅम, साबुदाणा पीठ 50 ग्रॅम, चमचाभर तेल, आणि 225 ते 250 मिली पाणी. पाणी उकळतंच ओतायचं, उकडीला ओततो तसं. नुसतं गरम पाणी घेतलं तर स्टार्च फुलत नाही आणि गोळा भुगा होतो. मळून झाल्यावर लगेच झाकायचं, वारा लागला की कडा तडकतात. कुरडईचा चीक तीन दिवस भिजलेल्या गव्हाचा, त्यामुळे आंबूस वास राहू शकतो. पाणी रोज बदललं असेल तर राहत नाही. इथं क्वचित किंचित येतो, त्रास होण्याइतका नाही.

झिंगे इटियाडोह आणि आसपासच्या तलावांतले, म्हणजे गोड्या पाण्यातले, लहान. त्यांना मातकट वास असतो. मीठ आणि कॉर्नफ्लोअर चोळून थंड पाण्यात दोनदा धुतात, मग फडक्यावर कोरडे करतात. याने वास जातो आणि चावायला कुरकुरीतपणाही येतो. अर्धे चिरलेले, अर्धे अख्खे, पांढरी मिरी, तिळाचं तेल. पाच-सहा मिनिटांत उतरवावे लागतात. दहा मिनिटं राहिले की झिंगा आकसतो आणि पारी खालून फाटते. प्लेट आली की गप्पा बाजूला ठेवून आधी हेच खा, गार झाल्यावर पारी कडक होते. आणि यावर लाल चटणी ओतू नका, दोन थेंब सोया पुरे. 25 रुपयांचा नग चटणीत बुडवायचा असेल तर व्हेजच घ्या ना.

चटणी मात्र व्हेजसोबत छान लागते. सुकी भिवापुरी मिरची गरम पाण्यात भिजवून टमाटर आणि लसणासोबत वाटलेली, वर भाजलेले तीळ. रंग विटकरी आहे, भडक गुलाबी-लाल नाही, बोटांना डागही राहत नाही. सावजीची सवय असलेल्यांनासुद्धा घाम फुटतो, लेकरांसाठी वेगळी मागा.

फ्राय का नको? एकतर तेल तेच मंचुरियनचं, काळपट. दुसरं म्हणजे फ्रायचे नग घरचे नसतात, नागपूरहून येणारे फ्रोजन पुडे असतात. ओळखायला सोपे, सगळ्यांच्या चुण्या मशीनने काढल्यासारख्या एकसारख्या. फ्रोजन असणं वाईट नाही, पण इकडे लाइन तासन् तास जाते. फ्रीझरमधला माल वितळून पुन्हा गोठला की सारणाचं पाणी सुटतं, पारी चिरते, आणि चिकन असेल तर पोटाचाही धोका. इन्व्हर्टरवर फ्रीझर चालत नाही, दिवे चालतात. पावसाळ्यात फ्राय चिकन तर अजिबात नको.

पार्सलची पद्धत सुधारायला हवी. गरम नग झाकणाच्या डब्यात भरून वर कॅरीबॅगला गाठ मारतात. दहा मिनिटांत आतल्या वाफेने लगदा होतो. डब्यात कोबीचं पान घालायला सांगा, झाकण अर्धवट उघडं ठेवा, चटणी वेगळी घ्या. घरी इडलीपात्रात तीन मिनिटं वाफ द्या. पात्र नसेल तर तव्यावर चमचाभर तेल, नग मांडून दोन चमचे पाणी शिंपडा आणि झाकण ठेवा. बूड खरपूस होतं आणि वरचा भाग मऊ राहतो. झिंगा पार्सल घेऊ नका.

चहा दुधाचा, साखरेचा, उकळून उकळून घट्ट. डिमसमसोबत तो जड होतो. 'काळा, बिनसाखरेचा' म्हटलं की 10 रुपयांत करून देतात, तोंडातलं तेल उतरतं. हात धुवायला बाहेर ड्रम आहे, साबण नाही. फोनपे चालतं, पण नेटवर्क नसतं, सुटे पैसे ठेवा. सोमवारी बंद.