पाळक घडवायचा: सेमिनरीत की कोपीपुढं?

बाहेरून आलेल्या ख्रिस्ती कार्यकर्त्यानं गावातली मंडळी, म्हणजे चर्च, गावच्याच पाळकाच्या (चर्च सांभाळणाऱ्याच्या) हाती द्यायची ठरवली, की हा पेच पडतोच. होतकरू पोराला तीन वर्षं शहरात सेमिनरीला, म्हणजे पाळकांच्या शाळेत, धाडायचं, की काम करता करता गावातच तयार करायचं? मी मूळचा नगरचा. बीडकडे आलो तेव्हा स्वतःला इथलाच समजत होतो. पहिल्याच उपासनेत गावानं 'पाहुणे' केलं. दोन्ही वाटा करून पाहिल्यात.

सेमिनरीचं पारडं हलकं नाही. आमचा शिकून आलेला पाळक वचन मागचापुढचा संदर्भ धरून समजावतो, हिशेबही चोख. तेलाच्या बाटल्या विकत रोग बरे करणारा एकजण गावात आला, तेव्हा यानंच त्याला बायबल उघडून गाठलं. गावात घडलेला आमचा दुसरा पाळक, भाऊ, त्या दिवशी नुसता घाम पुसत होता.

मला खटकली ती वेळ. रविवारी सकाळी 10 म्हणजे 10. दिवाळीनंतर मुकादमाची उचल (आगाऊ घेतलेले पैसे) फेडायला मंडळीतले कोयते, म्हणजे ऊस तोडणारी जोडपी, कारखान्यावर गेली, तरी घंटा 10 लाच. हजेरीच्या वहीत ओळीनं 4, 5, 4. त्यातल्या दोन म्हाताऱ्यांना ऐकू येत नाही. "मंडळी परत आली की बघू," पाळक म्हणाला. वाईट मनानं नव्हे, त्याला शिकवलंच तसं होतं. भाऊ मात्र बायकोसोबत फडावरच गेला. गाडी भरून झाली की रात्री कोपीपुढं, म्हणजे ऊसतोड्यांच्या झोपडीपुढं, टाळ, ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचा एखादा अभंग आणि बायबलातली उधळ्या पुत्राची गोष्ट. त्याच्या गोष्टीतला पोरगा बापाकडून घेतलेली उचल उडवतो. शेजारच्या कोपीतली माणसंही येऊन बसत.

यात माझी अक्कल काही नाही. नारायण वामन टिळकांनी अभंग-कीर्तनातूनच ख्रिस्त सांगितला, 1917 साली साताऱ्यात 'देवाचा दरबार' ही ख्रिस्तभक्तांची संगत मांडली. गावी राहून शिकायची पद्धत तर 1963 मध्ये ग्वाटेमालात रुजली, कारण सेमिनरीत शिकलेले बरेचजण खेड्यात टिकतच नव्हते.

तुमची मंडळी शहरालगतची, नोकरदार असेल तर सेमिनरी कदाचित बरी पडेल. मी आता आधी हंगाम करून आलेला माणूस बघतो. पुस्तकी शिक्षण मागाहून, पावसाळ्यात, दोन-दोन आठवडे. भाऊचं या आषाढात सुरू केलंय. तेलवाला परत यायच्या आत थोडं तरी उरकायला हवं.