दफनवही की थडग्यावरचा दगड?

इंग्लंडमधल्या एखाद्या खेड्यातल्या माणसाचा माग काढायचा असेल, तर आधी चर्चची दफनवही उघडा. अशा वह्या ठेवायचा हुकूम 1538 सालचा. 1813 पासून छापील रकाने आले: नाव, राहण्याचं ठिकाण, दफनाची तारीख, वय, पाद्र्याची सही. बस्स. बायको कोण, मुलं किती, काही कळत नाही. पण वहीत शेतमजूरही सापडतो. दगड घडवून घ्यायला पैसे लागत, त्यामुळे गोरगरिबांच्या थडग्यावर फार तर लाकडी खूण, नाहीतर नुसतंच गवत. माझ्या मते वहीचं खरं मोल इथेच आहे.

दगड मात्र नाती सांगतो. ‘अमक्याची पत्नी’, खाली लहानपणीच गेलेल्या लेकरांची नावं, कधी परमुलखात पुरलेल्या मुलाचाही उल्लेख. त्यावर तारीख मृत्यूची असते, वहीत दफनाची. दोन-चार दिवसांचा फरक दिसला तर गोंधळू नका. स्लेटवरची अक्षरं दोनशे वर्षांनीही ठसठशीत राहतात, वालुकाश्माचे पापुद्रे सुटतात. दगडफूल चढलं असेल तर तारेचा ब्रश अजिबात लावू नका. तिरप्या उन्हात फोटो काढा, पुसट अक्षरंही उठून दिसतात.

वहीत एक मेख आहे. 1752 पूर्वी तिथलं वर्ष 25 मार्चला सुरू होई, म्हणून वहीतला फेब्रुवारी 1740 म्हणजे आपला 1741.

मुंबई इलाख्यातल्या इंग्रजांच्या दफननोंदींच्या प्रतीही लंडनला जात. त्या आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. आपल्याकडच्या एखाद्या गोऱ्या साहेबाच्या थडग्यावरचं नाव झिजलं असेल, तर तिथे शोधा.